वाटाण्याएवढं

डेलिथने डावा पाय टबाच्या कडेवर ठेवला आणि लाटण्याने पाकीट खालच्या टोकापासून वर लाटत आणलं. पाकीट बोटभर लांबीचं, चंदेरी, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेला. चिमटा काढताच आत उरलेलं सगळं जेल एका दमात बाहेर आलं आणि तिच्या तळहातावर थरथरत बसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं वाटाण्याएवढं. हे चार-पाच वाटाणे एकमेकांना बिलगून बसावेत तेवढं होतं. तिने ते मांडीवर चोळलं, घोड्याला खरारा करावा तसं.

"माझं लाटणं कुठे गेलं?" खालून तिच्या नवऱ्याचा, एमिरचा, आवाज आला. "इथे कणीक वाळायला लागलीय."

"आले, आले!"

"तू येतेयस की लाटणं येतंय?"

"दोघंही येतोय."

शनिवारची संध्याकाळ होती. एमिर उद्यासाठी अ‍ॅपल पाय करत होता, कारण रविवारी त्यांच्या घरात ओव्हन लागत नसे. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, हा नियम डेलिथच्या आईचा. शनिवारी बटाटे सोलून पाण्यात पडले पाहिजेत, बुटांना पॉलिश झालं पाहिजे, आणि उघडलेली कोणतीही वस्तू रविवारच्या सकाळी उघडी सापडता कामा नये. बिस्किटांचा पुडा उघडलेला असेल तर तो संपवायचा, दूध उरलं असेल तर ते प्यायचं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. डेलिथ आता रविवारी टीव्ही बघत असे आणि एकदा तर तिने रविवारी गाडीत पेट्रोलही भरलं होतं. पण उघडं पाकीट दिसलं की शनिवारी तिचा हात आपोआप ते संपवायला जाई. सोमवारी नवं पाकीट उघडायचं, शनिवारी उरेल ते संपवायचं, रविवारी अंगाला काहीच लावायचं नाही. सहा महिने हे असं चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पाकिटाच्या खोक्यावर रुंद खांद्यांचा एक पुरुष छापलेला होता. खाली लिहिलं होतं, 'टेस्टोस्टेरॉन जेल. प्रौढ पुरुषांसाठी. स्त्रियांनी वापरू नये.' त्याच्यावर औषधाच्या दुकानदाराने चिकटवलेली चिठ्ठी होती: 'सौ. डेलिथ प्रिचर्ड. रोज वाटाण्याएवढं, मांडीवर.' बायकांसाठी वेगळं पाकीट दुकानात नव्हतंच, म्हणून पुरुषांचंच दहा दिवस पुरवून वापरायचं. पस्तीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या डेलिथला एकाच खोक्यावरच्या या दोन सूचना बघून पहिल्या दिवशी लाल पेन उचलावंसं वाटलं होतं.

मांडी वाळेपर्यंत ती टबाच्या कडेवर बसून राहिली आणि मंगळवारच्या तालमीतली ओळ गुणगुणू लागली. खालचे सूर तिच्या छातीत मांजरासारखे घुरघुरले. वर चढताना मात्र तिसऱ्या ओळीवर आवाज थांबला, आणि मग कोणीतरी गंजलेलं फाटक उघडावं तसा काहीतरी निघाला.

खाली एमिरचं काम थांबलं.

"तू होतीस का ती?" त्याने विचारलं.

*

वेल्सच्या उत्तरेला, पाटीच्या दगडाच्या खाणींमधलं ते गाव. मे महिन्यातल्या एका रविवारी आसपासच्या सगळ्या चॅपलांतली, म्हणजे लहान चर्चांतली, माणसं एका छताखाली जमून दिवसभर स्तोत्रं गातात, त्या दिवसाला गमान्वा म्हणतात. त्या दिवशी नवरा-बायको शेजारी बसत नाहीत. प्रत्येकजण आपल्या आवाजाच्या बाकावर बसतो. उंच आवाजाच्या बायका एकीकडे, खालच्या आवाजाच्या अल्टो त्यांच्या शेजारी. मधल्या वाटेच्या पलीकडे पुरुष, उंच आवाजाचे टेनर पुढे आणि एमिरसारखे जाड आवाजाचे मागे. कोण कुठे बसतं हे इथे घराच्या पत्त्यासारखं असतं. डेलिथ आणि नेरिस चौतीस वर्षं अल्टोंच्या दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसत आल्या होत्या, दोघींत एक पुस्तक धरून.

पुस्तक एकच का, हे कोणी विचारत नसे. नेरिस म्हणे, तिला जड पुस्तक धरवत नाही. नेरिस पोस्टात खिडकीवर होती आणि दिवसभर पार्सलं उचलत होती. दोघी पहिलीत एका बाकावर बसलेल्या, एकीच्या लग्नात दुसरी करवली. चौतीस वर्षांत डेलिथचे दोन गमान्वा चुकले होते. एकदा मुलगी झाली तेव्हा, आणि एकदा पित्ताशयाच्या खड्यांनी ती दवाखान्यात होती तेव्हा. योगायोगाने नेरिसचेही तेच दोन चुकले. पहिल्या वेळी तिचा पाय मुरगळला होता आणि दुसऱ्या वेळी तिच्या धुराड्यात कावळ्याने घरटं केलं होतं.

मंगळवारी तालीम संपल्यावर दोघी चॅपलच्या मागच्या खोलीत कप धुवायला उभ्या राहिल्या. डेलिथ धूत होती, नेरिस पुसत होती.

"सर्दी झालीय का तुला?" नेरिसने विचारलं.

"नाही."

"मग तिसऱ्या ओळीला कुठे गेलीस?"

"खाली."

"खाली कुठे? मी तिथेच होते ना तुझ्या शेजारी. तू नव्हतीस."

डेलिथने एक कप दोनदा धुतला. मग तिने सांगून टाकलं. पाळी थांबल्यावर कमरेला हार्मोनची चिकटपट्टी तर लावत होतेच, पण सहा महिन्यांपासून हे जेलही. पाकीट, मांडी, वाटाणा, सगळं.

नेरिसने हातातला कप बशीवर ठेवला, आणि तो ठेवताना जराही आवाज झाला नाही. हे लक्षण वाईट होतं.

"पुरुषांचं औषध?"

"बायकांच्या अंगातही असतंच गं ते. थोडंसं. वयाबरोबर कमी होत जातं."

"माझ्या अंगात नव्हतं कधी."

"तुझ्या अंगात तर चांगलं पोतंभर होतं. बर्विनला लग्नाची मागणी कोणी घातली होती? त्याने?"

"तो कधीच घालणार नव्हता म्हणून!" नेरिस म्हणाली. "विषय बदलू नकोस. पुरुषांचं औषध फासून तू देवाच्या घरात येतेस?"

"वाळल्यावर येते."

नेरिस हसली नाही. तिने फडकं घट्ट पिळलं. ते कोरडं होतं.

"बंद कर ते, डेलिथ."

"नेरिस, तो नाताळ आठवतोय ना तुला?"

तो नाताळ सगळ्यांनाच आठवत होता. शाळेच्या नाटुकल्यात डेलिथ दरवर्षी पहिल्या रांगेसमोर उकिडवी बसायची आणि तोंड मोठं मोठं हलवत, आवाज न काढता, मुलांना गाण्याचे शब्द दाखवायची. एका हाताने पाश्चात्त्य सरगमीतले डो-रे-मी हे सूर दाखवायची. मूठ म्हणजे डो, आडवा पंजा म्हणजे मी, खाली झुकलेला हात म्हणजे ला. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघत गायला शिकली होती. दीड वर्षापूर्वीच्या नाताळात ती तशीच बसली, पहिलं कडवं झालं, आणि दुसऱ्या कडव्याला तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. खडू पुसलेल्या फळ्यासारखं. तिचं तोंड थांबलं. सव्वीस मुलं तिच्याकडे बघत होती, त्यांची तोंडंही थांबली. दोन मेंढ्या, तीन राजे आणि एक गाढव तिच्या ओठांची वाट बघत गप्प उभे राहिले. गाढवाचं नावसुद्धा तिला आठवेना. शेवटी पेटीवाल्या बाईंनीच गाणं संपवलं.

"सगळेच विसरतात," नेरिस म्हणाली. "मी काल काय जेवले ते मला आठवत नाही. पण म्हणून कोणी जागा सोडून जात नाही."

"मी कुठे जातेय?"

"गेलीस की. तिसऱ्या ओळीला गेलीस."

आणि तिने उरलेले कप तसेच ओले कपाटात ठेवून दिले, जे नेरिसने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

*

"बसा ना, बाई," डॉक्टर रोड्री म्हणाला.

पहिलीत असताना या रोड्रीला बुटाची नाडी बांधता यायला पूर्ण ऑक्टोबर लागला होता. आता तो छत्तीस वर्षांचा होता, त्याला दाढी होती, आणि त्याचे बूट नाडीशिवायचे होते. डेलिथची नजर दर वेळी तिकडे जाई आणि तो दर वेळी पाय खुर्चीखाली घेई.

पहिल्यांदा ती त्याच्याकडे आली होती ती थकव्यासाठी आणि विसराळूपणासाठी. तेव्हा त्याने संगणकाकडे बघत सांगितलं होतं की चिकटपट्टी लावूनही फरक पडत नसेल तर हे औषध देता येतं, पण नियमाप्रमाणे एकाच कारणासाठी.

"कोणत्या?" तिने विचारलं होतं.

रोड्रीने वजनकाट्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. "इच्छा," तो म्हणाला.

"कसली इच्छा?"

"म्हणजे... एमिरकाकांबद्दलची."

त्याचे कान पहिलीत व्हायचे तसेच लाल झाले होते. डेलिथने प्रामाणिकपणे विचार केला. तसं बघितलं तर तीही नव्हतीच. पण एमिरची काही तक्रार नव्हती. त्याच्याकडे परड्यात कांदापातीसारख्या लीकचे वाफे होते आणि दरवर्षी प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळे.

"लिही मग," ती म्हणाली होती. "शब्द येतोय ना? मग अडखळू नकोस. मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा."

त्याने लिहिला होता. आणि विसराळूपणाला उपयोग होईलच असं पुस्तकात नाही, हेही त्याने खरं खरं सांगितलं होतं. पुस्तकात असो वा नसो, तीन महिन्यांनी ती वर्गात सव्वीसच्या सव्वीस नावं न बघता घेत होती, आणि रोड्रीने जो शब्द लिहिला होता तोही घरी परत आला होता. एमिर 'बातम्या तरी संपू दे' म्हणू लागला. पण तो आता शनिवारीही दाढी करत होता, आणि लीकच्या वाफ्यांत गवत माजलं होतं.

आज रोड्री रक्ताचा अहवाल बघत होता. त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"बाई, आकडा जरा जास्त आहे."

"किती जास्त?"

"एमिरकाकांएवढा नाही," तो म्हणाला. "पण त्या दिशेने निघालाय. एक पाकीट किती दिवस पुरवता तुम्ही?"

"सहा."

"मी दहा म्हणालो होतो."

"पण मध्ये रविवार येतो ना!"

रोड्रीने पेन खाली ठेवलं. डेलिथने त्याला आईचा नियम सांगितला, उघड्या पाकिटाचा, शनिवारचा आणि लाटण्याचा. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एक कोरा कागद पुढे ओढला आणि त्यावर वाटाणे काढायला सुरुवात केली. सोमवारखाली एक वाटाणा. मंगळवारखाली एक. असे रविवारपर्यंत सात. मग दुसऱ्या ओळीत तीन.

"हे एक पाकीट. रविवारी हात मोडत नाही. वाटाणा लावायला काही श्रम लागत नाहीत."

"वाटाणे सारखे नाही आले," डेलिथ म्हणाली. "गुरुवारचा मोठा झालाय."

रोड्रीने गुरुवारचा वाटाणा खोडून पुन्हा काढला.

मग तिने आवाजाचं विचारलं, ज्यासाठी ती खरी आली होती. रोड्रीला गमान्वा ठाऊक होता. त्याची आजी उंच आवाजांच्या पहिल्या बाकावर बसायची.

"पूर्ण बंद केलंत तर वरचा आवाज थोडा परत येईल कदाचित," तो म्हणाला. "खात्री देत नाही. बरोबर मापात चालू ठेवलंत तर आणखी खाली जायला नको. पण गेलेला बहुधा येणार नाही. एकदा उतरलेला आवाज सहसा वर चढत नाही, बाई."

"म्हणजे ठरवायचं मी."

"तुम्हीच."

तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. दारात ती वळली.

"कागदावर नाव नाही घातलंस," ती म्हणाली.

रोड्रीने कागद मागून घेतला आणि वरच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहून दिलं.

*

घरी आल्यावर तिने पाकीट उचललं आणि चिमट्यासकट स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं, बटाट्याच्या सालांवर. एमिर भाजी चिरत होता. त्याने डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा भाजी चिरू लागला.

"रोड्री काय म्हणाला?"

"तुझं तू ठरव म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं," एमिर म्हणाला. त्याने एक गाजर फारच बारीक चिरलं. "तुझा आवाज, तुझी मांडी. मी कोण बोलणारा."

जेवताना तो हवेबद्दल बोलला. नंतर तो परड्यात गेला आणि लीकमधलं गवत उपटत बसला.

सकाळी डेलिथ दात घासायला गेली तेव्हा ब्रशांच्या ग्लासात ते पाकीट उभं होतं. स्वच्छ धुतलेलं, पुसलेलं, तोंडाला चिमटा. सालाचा एक कणही नव्हता.

खाली एमिर वर्तमानपत्र वाचत होता. शुक्रवार होता, तरी त्याची दाढी केलेली होती.

"चिमटा कचऱ्यात गेला होता," तो वर न बघता म्हणाला. "डझनाचा संच आहे. एक गेला की दोरीवर दिसतं."

"आणि पाकीट?"

"ते चिमट्याला लागून आलं."

डेलिथ पुन्हा वर गेली. तिने रोड्रीचा कागद आरशाच्या कडेला खोचला, शुक्रवारच्या वाटाण्याकडे नीट बघितलं, तेवढंच जेल काढलं आणि चिमटा परत लावला. शाळेत हजेरी घेताना ती गाढव झालेल्या मुलाच्या धाकट्या बहिणीपाशी आली. नाव आपोआप तोंडात आलं, आडनावासकट.

दुपारी ती पोस्टात गेली. नेरिस काचेच्या मागे एका पार्सलचं वजन करत होती.

"यंदा मी टेनरांत बसणार आहे," डेलिथ काचेतल्या भोकातून म्हणाली. "मला खालचं सगळं येतं गं. त्यांच्यातल्या टेग्विनशी बोलले मी. तिघेच उरलेत, तिघेही ऐंशीच्या वरचे."

नेरिसने पार्सलावर शिक्का मारला. मग त्याच जागी आणखी एक मारला.

"मी अल्टोंत बसून नुसतं तोंड हलवू का? ते खोटं नाही होणार?"

नेरिसचा चेहरा एकदम असा झाला की जणू डेलिथने भोकातून हात घालून तिला चिमटा काढला.

"पुढचे!" नेरिस म्हणाली.

डेलिथने मागे वळून बघितलं. पोस्टात दुसरं कोणीच नव्हतं.

*

यंदा नेरिसचा पाय मुरगळणं शक्य नव्हतं. यंदा ती गमान्वाची चिटणीस होती. वर्षभरात गेलेल्यांची नावं तिलाच वाचायची होती. तिने ती खणखणीत वाचली, करड्या टोपीत. मग ती अल्टोंच्या दुसऱ्या बाकाच्या टोकाला जाऊन बसली. शेजारची जागा तिने आपल्या पर्सने भरून टाकली.

मधल्या वाटेच्या पलीकडे टेग्विनने रुमालाने बाक पुसला आणि सरकून डेलिथला जागा दिली.

"ये पोरी," तो म्हणाला. "पुदिन्याची गोळी?"

"गाऊन झाल्यावर."

"गाऊन झाल्यावर मला झोप लागते. आत्ताच घे."

तिने घेतली. चॅपलभर कुजबुज पसरली आणि विरली. तीनशे डोकी तिच्याकडे वळली आणि तीनशे डोकी परत फिरली. बाहेरून आलेल्या गायनसंचालकाने टेनरांच्या बाकावरची डेलिथची निळी टोपी बघितली, चष्मा सारखा केला आणि काठी उचलली.

पहिलं स्तोत्र सुरू झालं आणि डेलिथ विसरूनच गेली की लोक बघताहेत. टेनरांची ओळ तिच्या आवाजाला जुन्या कोटासारखी बसली. वर जावं लागलं तिथे दार उघडंच होतं, खाली जावं लागलं तिथे जमीन होती. शेजारी टेग्विनचा वाळक्या पानासारखा आवाज तिच्या आवाजाला टेकून उभा राहिला. मागे एमिर जाड आवाजात गात होता आणि त्याच्या टाचेचा ठेका तिला बाकातून जाणवत होता. गाणं संपलं तेव्हा टेग्विनने नाक शिंकरलं आणि डोळेही त्याच रुमालाने पुसले.

"नऊ वर्षांत ही ओळ ऐकू आली नव्हती," तो म्हणाला.

दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्या कडव्याला डेलिथने सहज पलीकडे बघितलं.

नेरिसने पुस्तक एकटीने धरलं होतं, उभं, अगदी नाकापर्यंत. जड पुस्तक तिला चांगलं पेलत होतं. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. पण शेजारच्या बायकांच्या अर्ध्या क्षणानंतर, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिची नजर उजवीकडे जात होती, जिथे चौतीस वर्षं डेलिथचं तोंड असायचं. तिथे पर्स होती. टोपीखाली नेरिसचे कान लाल झाले होते.

तीस मुलांच्या गोंगाटातून एक न गाणारं मूल डेलिथ पाठ फिरवूनही ओळखू शकत असे. चौतीस वर्षं हे मूल तिच्या कोपराला कोपर लावून बसलं होतं.

मुरगळलेला पाय तिच्या मनात आला. मग कावळ्याचं घरटं आलं. 'तिसऱ्या ओळीला गेलीस' आलं. आणि सगळ्यात शेवटी पोस्टाच्या काचेतल्या भोकातून आपण काय बोललो ते आलं, तेव्हा तिच्या तोंडातली गोळी दाताखाली कटकन फुटली.

पहिलं कडवं संपत आलं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला अल्टो एकट्या असतात. बाकीचे सगळे थांबतात आणि सात-आठ खालचे बायकी आवाज तेवढे उरतात. हे नेरिसलाही ठाऊक होतं. तिने पुस्तक आणखी वर घेतलं. आता तिची फक्त टोपी दिसत होती.

डेलिथने आपलं पुस्तक बाकावर ठेवलं आणि ती बाकाच्या टोकाला सरकली, मधल्या वाटेच्या अगदी कडेला. दुसरं कडवं सुरू झालं. तिने उजव्या हाताची मूठ वळून छातीसमोर धरली. डो. मग ती थांबली, जशी ती नाताळात थांबायची, पहिल्या रांगेतल्या सगळ्यात घाबरलेल्या मुलाने वर बघेपर्यंत.

टोपी हलली. पुस्तकावरून दोन डोळे दिसले.

पाच वर्षांच्या असताना या दोघी एकाच बाकावर या मुठी आणि हे पंजे शिकल्या होत्या. डेलिथने तोंड मोठं उघडलं, आवाज न काढता, आणि शब्द दाखवला. मूठ उघडून पंजा आडवा झाला. मग पंजा छातीकडे वळला. पुस्तक हळूहळू खाली आलं, हनुवटीपर्यंत, मग आणखी खाली. नेरिसचे डोळे तिच्या हातावर होते आणि ओठ तिच्या ओठांबरोबर हलत होते, या वेळी बरोबरच.

तिसरी ओळ आली. पुरुष थांबले, उंच आवाजाच्या बायका थांबल्या. अल्टो उरल्या, आणि त्यांच्यात डेलिथने कधीच न ऐकलेला एक आवाज उरला. लहान, कोरडा, कडा न घासलेल्या पाटीसारखा. तो 'डो'वरून निघाला, 'मी'पाशी पोचला, पुढे चढला आणि 'ला'च्या जरासा खाली येऊन घाबरून थांबला. डेलिथने झुकलेला हात तसाच ठेवून अगदी थोडा वर उचलला, बोटभरच, जसा ती मुलांसाठी उचलते. आवाजाने जरा वेळ विचार केला. मग तोही बोटभर वर आला.

पलीकडून नेरिस तिच्याकडे बघत होती. करडी टोपी एका बाजूला कलली होती आणि ती सारखी करायचं भान तिला नव्हतं.

बाकीचे आवाज परत आले, मागून एमिरचा ठेकाही आला. टेग्विनने दोन ओळी एकट्याने ओढल्या, मग तो डेलिथच्या कानाशी वाकला.

"पोरी, आम्हांला टेनर मिळालाय असं सांगितलं होतं."

"पुढच्या कडव्यापासून," डेलिथ म्हणाली. हात तिने खाली घेतला नाही.